घरची बिअर आणि वाटेंतली हवा

अमेरिकेंत घरगुती बिअर करण्यास केंद्रीय कायद्यानें १९७८ सालीं मोकळीक दिली. तेथील हौशी गृहस्थ तीन-चार आठवडे खपून बिअर आंबवितो, पिंपांत भरतो, मोटारींतून मित्राकडे नेतो. आणि कांहीं दिवसांनीं तिला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. दोष बिचाऱ्या रस्त्याला मिळतो! खरा चोर पिंपांत उरलेल्या हवेंतील प्राणवायु. हिसके त्याला बिअरमध्यें मिसळतात इतकेंच.

कार्बन डायऑक्साइड हवेहून जड, म्हणून तो बिअरवर पांघरुणासारखा पसरून राहील, ही समजूत गोड खरी. पण वायु एकमेकांत मिसळतात, थर टिकत नाहीं. म्हणून पांच गॅलनांचें पोलादी पिंप आधीं जंतुनाशक पाण्यानें कांठोकांठ भरावें व तें पाणी त्याच वायूच्या दाबानें बाहेर लोटावें. हवेला जागाच राहत नाहीं. मग झांकण न उघडतां, तळापर्यंत जाणाऱ्या नळीनें बिअर आंत सोडावी. वरचा वायु सुटण्यास वाट मात्र ठेवावी. असें पिंप वाटेंत हिंदकळलें तरी भय नाहीं. उन्हापासून तें जपावें, आणि मुक्कामीं पोहोंचल्यावर गाळ खालीं बसण्यास थंड जागीं एक रात्र द्यावी.