शिकाऊ हाताची परीक्षा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. डॉक्टरी विद्येवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. पण ज्याच्या अंगावर टाके पडतात त्याला विचारण्याचा अधिकार आहेच. "शिकाऊ डॉक्टर आम्हाला नको" असे बारामतीत काय आणि इंदापुरात काय, पुष्कळ बायका म्हणतात. माझीही पित्ताशयाची शस्त्रक्रिया ठरली आहे, आणि वरचे टाके शिकाऊ डॉक्टरीणबाई घालतील असे मला सांगितले आहे. म्हणून मी हा विषय समजावून घेतला.

बारामतीला २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी देशभर डॉक्टरीचा नवा अभ्यासक्रम आला. त्यात कौशल्याच्या चार पायऱ्या आहेत : माहीत असणे, कसे करायचे ते माहीत असणे, करून दाखविणे आणि स्वतंत्रपणे करणे. रोग्यापूर्वी नमुन्यावर हात बसवायचा, ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. सुश्रुतसंहितेत शिष्याने कापण्याचा सराव कोहळा, दुधी, काकडी यांवर आणि शिवण्याचा सराव कापडावर व मऊ कातड्यावर करावा, असे सांगितले आहे.

पण हात बसला हे ठरवावे कोणी? पूर्वी मोठे डॉक्टर "बरा आहे" म्हणाले, वहीत शस्त्रक्रियांचा आकडा भरला, की काम भागे. आपल्या शिवणवर्गातली मुलगी दहा पोलकी शिवल्याचे सांगते. पण काजे आईने करून दिली असली, तर त्या दहाला अर्थ काय? बाईंनी तिला समोर बसवूनच काज करवून घेतले पाहिजे.

कॅनडातील टोरोंटो येथे डॉ. रेझ्निक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात नेमके हेच केले. शिकाऊंना ठरावीक कामे द्यायची आणि परीक्षकाने ती डोळ्यांनी पाहायची. कातडी-मांस हळुवार हाताळले का, हालचाल वाया गेली का, हत्यार नीट धरले का, हत्यारांची ओळख आहे का, मदतनिसाचा उपयोग केला का, पुढची पायरी ठाऊक होती का, त्या शस्त्रक्रियेचे ज्ञान आहे का, अशा सात बाबींना एक ते पाच गुण. मर्जीला वाव कमी.

हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. अमेरिकेतील मिशिगन राज्यात वीस सर्जनांच्या शस्त्रक्रियांचे चित्रण इतर सर्जनांनी, नावे न कळता, तपासले. तो अभ्यास २०१३ साली छापून आला. ज्यांचा हात सर्वांत कच्चा ठरला, त्यांच्या शंभरांतील सुमारे चौदा रोग्यांना नंतर त्रास झाला. सर्वांत चांगल्या हाताखालच्या शंभरांतील पाचांना. हे सर्व शिकून तयार झालेले सर्जन होते! मग शिकणाऱ्यांचा हात वेळीच पाहणे किती गरजेचे, ते सांगायला नको.

भगिनींनो, शिकाऊ हात सरसकट नाकारला, तर उद्या आपल्या लेकीसुनांना तयार हात कोठून मिळायचे? नकार देण्याआधी दोन प्रश्न विचारा : यांचा हात कोणी पाहिला? आणि काम चालू असताना शेजारी कोण उभे राहणार? मी ते विचारले, सरळ उत्तर मिळाले, आणि मगच होकार दिला. विचारण्यात उद्धटपणा नाही, आणि चांगल्या डॉक्टरांना त्याचा रागही येत नाही.