कंपाइल केलेला पॅटर्न आणि बाइटची दिशा

विषय तांत्रिक आहे, पण उदाहरण आपल्या बीड जिल्ह्याचंच घेतो.

जुन्या-नव्या कागदांत एकाच गावाची नावं वेगळी सापडतात. अंबाजोगाई, अंबेजोगाई, शिवाय निजामाच्या काळातलं मोमिनाबाद. तिन्ही एकदम शोधायला रेग्युलर एक्स्प्रेशन लिहायचं: अंब[ाे]जोगाई|मोमिनाबाद. पीसीआरई ही लायब्ररी आधी ते कंपाइल करते, मग शोधते. 11 तालुक्यांतली सगळी गावं घेतली की यादी लांबते. मग वाटतं, एकदाच कंपाइल करून फाइल ठेवू आणि प्रत्येक मशीनवर तीच वापरू.

इथे अडचण येते. आपण 'बेचाळीस' म्हणतो तेव्हा दोन आधी, चाळीस नंतर. लिहिताना मात्र 4 आधी. संगणकांतही असे दोन पंथ आहेत. इंटेलचे प्रोसेसर आकड्याचा लहान बाइट आधी ठेवतात, आयबीएमचे झेड मेनफ्रेम मोठा आधी. यूटीएफ-16 मध्ये 'ड' म्हणजे 09 21. उलटं वाचलं तर 21 09, म्हणजे ℉, चक्क फॅरनहाइटचं चिन्ह!

मग अख्खी फाइल उलटी करायची का? नाही. काही आकडे 4 बाइटचे, काही 2 चे. प्रत्येक आकडा जागच्या जागी उलटावा लागतो. 2012 च्या 8.30 आवृत्तीआधी लायब्ररी शोधतानाच हे सांभाळून घ्यायची. त्या आवृत्तीपासून पॅटर्न उलटा दिसला की ती -29 हा एरर देते, आणि बदलाचं वेगळं फंक्शन आपणच बोलवायचं. 2015 च्या पीसीआरई2 मध्ये तर जतन केलेला पॅटर्न दुसऱ्या दिशेच्या मशीनवर चालतच नाही.

आता खरा धोका ऐका. 'सापडलं नाही' याचा कोड -1 आहे. पुष्कळ प्रोग्राम फक्त 'शून्यापेक्षा कमी का?' एवढंच बघतात. मग -29 आला तरी स्क्रीनवर 'नोंद नाही' असंच येतं. शोध झालेलाच नसतो, आणि माणूस मात्र हात हलवत परत जातो. 2023 पासून मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. एका नोंदीची किंमत आपल्याला वेगळी सांगायला नको.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. पॅटर्नचा मूळ मजकूर यूटीएफ-8 मध्ये जपा, प्रोग्राम सुरू होताना त्याच मशीनवर कंपाइल करा, आणि -1 सोडून दुसरा कुठलाही उणे आकडा आला तर 'नोंद नाही' म्हणू नका, 'शोध झाला नाही' असं स्पष्ट दाखवा.

भेटू पुढच्या भागात.