गाडीचा धूर मोजणारी पेटी : तिचा वापर व निगा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



या व्यासपीठावरून शिक्षणनिधी, वधूवर-सूचना, वसतिगृहाची इमारत अशा विषयांवर बोलण्याचा आपला प्रघात आहे. तेथे उभे राहून मोटारीच्या धुराविषयी बोलण्याची पाळी आम्हांवर यावी, याचे आपणांइतकेच आम्हांसही नवल वाटते. हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. दोन वर्षांपूर्वी मंडळाच्या उद्योगनिधीतून धूर मोजणारे एक लहानसे यंत्र विकत घेण्यात आले. हातात धरून कोठेही नेता येते एवढीच ती पेटी. ज्ञातीतील ज्या तरुणांनी गॅरेज घातले आहे, त्यांनी ती आळीपाळीने न्यावी व वापरून परत करावी, अशी योजना होती. गेल्या पावसाळ्यात ती पेटी मुकी होऊन परत आली. दुरुस्तीस पैसे पडले, कार्यकारी मंडळात दोन तट पडले, आणि ती विकून टाकावी की ठेवावी याचा निर्णय आज दुपारच्या सभेत व्हावयाचा आहे. त्यापूर्वी तिची हकीकत सर्वांच्या कानी घालावी, अशी अध्यक्षांची आज्ञा झाली. म्हणून हा प्रपंच.

आपल्या ज्ञातीस विस्तवाची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. आपले आजोबा-पणजोबा भट्टीपुढे बसत आणि ज्वाळेचा रंग पाहून भात्याचा वारा कमी आहे की जास्त हे सांगत. वारा कमी पडला की ज्वाळा पिवळी व धुरकट होते, फार झाला की तापल्या लोखंडावर खपली धरते. भगिनींनाही हे ठाऊक आहे. शेगडीची ज्योत पिवळी झाली की पातेल्याचे बूड काळे होते. मोटारीचे इंजिन ही अशीच एक भट्टी आहे. फरक इतकाच, की तिचा विस्तव आपल्याला दिसत नाही. तो न पाहता ओळखण्याचे साधन म्हणजे ही पेटी होय.

एक किलो पेट्रोल नीट जळावयास सुमारे १४.७ किलो हवा लागते. ते प्रमाण साधले, तर मागे मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि हवेतला नायट्रोजन एवढेच उरते. हवा कमी पडली, तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वाढतो. ठिणगीच नीट पडली नाही, तर कच्चे पेट्रोल, म्हणजेच हायड्रोकार्बन, न जळता बाहेर येते. आमची पेटी या दोहोंबरोबर कार्बन डायऑक्साइड व प्राणवायू हेही मोजते. पहिल्या तीन वायूंसाठी तिच्यात अवरक्त किरणांची युक्ती आहे. प्रत्येक वायू आपापल्या ठरावीक तरंगलांबीचे किरण शोषून घेतो. किती किरण अडले यावरून वायू किती, हे पेटी सांगते. प्राणवायूसाठी मात्र निराळा रासायनिक सेल असतो. त्याविषयी पुढे बोलू.

आता वापराकडे वळू. येथे आमच्याच एका चुकीपासून आरंभ करणे बरे. पेटी नवी असताना एका भाच्याच्या गॅरेजात भारत स्टेज दोनची एक मोटार आली होती. अशा गाडीस इंजिन नुसते चालू ठेवून मोजता कार्बन मोनॉक्साइड शेकडा ०.५ पेक्षा अधिक चालत नाही. आमच्या पेटीने ०.४ दाखविला. सर्वांस आनंद झाला, गिऱ्हाइकाने पैसे दिले, चहा झाला. तीच गाडी दुसऱ्या दिवशी अधिकृत केंद्रावर ०.८ दाखवून नापास झाली, आणि गिऱ्हाईक भाच्याच्या दारात येऊन नको ते बोलून गेले. आम्ही आदल्या दिवशीची चिठ्ठी पुन्हा वाचली. कार्बन डायऑक्साइड अवघा ६.९, आणि प्राणवायू ११! निकोप इंजिनच्या धुरात कार्बन डायऑक्साइड शेकडा तेरा-चौदाच्या आसपास असावयास हवा. तो निम्मा, आणि प्राणवायू हवेतल्याच्या निम्म्याहून अधिक, याचा अर्थ पेटीने अर्धा धूर आणि अर्धी बाहेरची हवा ओढली होती. रबरी नळीला मुठीजवळ बारीक चीर गेली होती. यासाठी एक हिशेब पाठ करून ठेवावा : चार स्ट्रोकच्या गाडीत मोनॉक्साइडच्या आकड्यास १५ ने गुणून, दोन्ही कार्बन वायूंच्या बेरजेने भागावे. ०.४ गुणिले १५ म्हणजे ६, भागिले ७.३, उत्तर ०.८. केंद्रावरचा आकडा आपल्या चिठ्ठीतच लपलेला होता, तो आम्हांस वाचता आला नाही.

तेव्हापासून आमचा दंडक असा, की पहिली दृष्टी मोनॉक्साइडवर टाकावयाची नाही, प्राणवायूवर टाकावयाची. तो अकारण चढलेला असेल, तर आधी नळी पाहावी, मग गाडीचा सायलेन्सर फुटला आहे काय ते पाहावे. रोज सकाळी नळीचे टोक बंद करून गळतीची चाचणी घ्यावी. पेटीतच तशी सोय असते. नळीचे धातूचे टोक सायलेन्सरात निदान ३० सेंटिमीटर आत जावयास हवे. स्कूटरचा सायलेन्सर आखूड असेल तर त्यास जोडनळी लावावी. इंजिन तापलेले असावे, चोक बंद असावा. थंड गाडीचा धूर मोजणे म्हणजे झोपेतून उठविलेल्या माणसाची नाडी पाहण्यासारखे आहे.

आकडे बोलतात कसे, तेही थोडक्यात सांगतो. मोनॉक्साइड चढलेला व प्राणवायू अगदी कमी, म्हणजे पेट्रोल जास्त : हवेची गाळणी तुंबली आहे किंवा चोक अडकला आहे. मोनॉक्साइड बेताचा, पण हायड्रोकार्बन व प्राणवायू दोन्ही चढलेले, म्हणजे ठिणगी चुकते आहे : प्लग, त्याची वायर, नाहीतर पेट्रोल इतके कमी की पेटच घेत नाही. दोन स्ट्रोकच्या जुन्या स्कूटरचा हायड्रोकार्बन पाहून घाबरू नये. तिच्या रचनेतच थोडे ताजे मिश्रण न जळता निसटते. म्हणूनच ३१ मार्च २००० नंतरच्या दुचाकींना नियमाने दोन स्ट्रोकसाठी ६,००० व चार स्ट्रोकसाठी ४,५०० अशा निरनिराळ्या मर्यादा घातल्या. हे आकडे दशलक्ष भागांतील आहेत, शेकड्यातील नव्हेत; तरुणांनी गोंधळ करू नये. डिझेलच्या गाडीत मात्र ही नळी चुकूनही घालू नये. तिची काजळी गाळण्या तुंबवून टाकते, आणि डिझेलसाठी धुराची दाटी मोजणारे यंत्र निराळेच असते.

आता निगेचा विषय. खरा खर्च आणि खरी भांडणे येथेच होतात. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते, हे ऐकून पुष्कळांस आश्चर्य वाटते. ते वाफेच्या रूपाने जाते म्हणून दिसत नाही, पण थंड नळीत शिरताच त्याचे पाणी होते. त्यासाठी पेटीच्या पाठीस एक लहान पारदर्शक वाटी असते. ती भरू न देता ओतून टाकावी, एवढेच काम. गेल्या पावसाळ्यात ते झाले नाही. शिवाय गाळणी संपली म्हणून तिच्या जागी कोणी घरातला कापूस कोंबला, आणि बॅटरी वाचविण्यासाठी प्रत्येक गाडीनंतर पेटी लगेच बंद केली. पाणी आत गेले, किरणांच्या नळीवर डाग धरला, आणि पेटी मुकी झाली. ज्याच्या हातून हे घडले त्याचे नाव आम्ही सांगणार नाही. कारण त्यास ती देताना कोणी काही शिकविलेच नव्हते, आणि ते शिकविण्याचे काम आमचे होते.

शेवटची गाडी झाली की नळी बाहेर काढून, पेटी चालू ठेवून, तिला निदान पाच मिनिटे स्वच्छ हवा ओढू द्यावी. नळीच्या आतल्या अंगास कच्च्या पेट्रोलचा ओशटपणा चिकटून राहतो. ताज्या हवेत नळी धरली असताही हायड्रोकार्बनचा आकडा शून्याजवळ येत नसेल, तर नळी मळली असे समजावे व ती धुऊन पूर्ण वाळवावी किंवा बदलावी.

प्राणवायूच्या सेलविषयी खजिनदारांची क्षमा मागून बोलतो. त्यातील शिसे प्राणवायूच्या स्पर्शाने झिजत जाते, मग पेटी वापरा अथवा कपाटात ठेवा. एक-दोन वर्षांत तो थकतो. स्वच्छ हवेत २०.९ चा आकडा गाठेनासा झाला की बदलावा. स्वस्त मिळतात म्हणून त्यांनी दोन सेल आधीच घेऊन ठेवले, ही काटकसर मिठाच्या बाबतीत शोभली असती. सेल मात्र कपाटात बसून म्हातारे झाले.

प्रमाणवायूच्या सिलिंडरने पेटीची खातरजमा करताना आणखी एक खड्डा आहे. सिलिंडरात प्रोपेन असतो, पेटी मात्र आकडा हेक्झेनच्या हिशेबात दाखविते. त्यासाठी पेटीवर एक गुणक छापलेला असतो, साधारण अर्ध्याच्या आसपास. सिलिंडरावर २,००० लिहिले असून गुणक ०.५० असेल, तर पेटीने १,००० दाखविणे हेच बरोबर. हे न कळून कोणी ती २,००० वर आणून बसविली, तर पुढे येणारी प्रत्येक गाडी दुप्पट दोषी ठरेल. सिलिंडरासही मुदत असते, ती वाचावी. आपली पेटी मुंबईहून महाबळेश्वरास, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे १,३५० मीटर उंचीवर जाते. तेथे हवा विरळ, म्हणून त्याच जागेत वायूचे कणही कमी. पेटी हवेचा दाब ओळखून आपला आकडा सुधारते. परंतु घाट चढल्यावर ती गरम होऊ देऊन पुन्हा शून्य लावल्यावाचून मोजू नये.

शून्य लावण्याच्या या गोष्टीवरून जे सांगणे आहे, ते आम्ही मुद्दाम मागे ठेवले. गेल्या आषाढात पावसाची झड आत येते म्हणून एका मुलाने गॅरेजचे शटर ओढून घेतले, जुनी बिनकन्व्हर्टरची गाडी चालू ठेवली आणि आत बसून आकडे लिहू लागला. पेटीचे शून्य त्याने त्याच कोंडलेल्या हवेत लावले होते. पेटीने ती विषारी हवाच स्वच्छ मानली, आणि आकडे पाहून गाडी उत्तम आहे असे त्यास वाटले. डोके दुखू लागले तेव्हा त्याने जागरणास दोष दिला. शेजारच्या दुकानदाराने चहा घेऊन शटर वर केले, तेव्हा तो जमिनीवर पडलेला होता. आज तो या सभेत बसला आहे, ही परमेश्वराची कृपा.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन त्यास प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीने धरते. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९० च्या दशकात हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम लिहून ठेवले, आणि खाणींत त्याची सूचना मिळावी म्हणून लहान प्राणी-पक्षी नेण्याचा उपाय सुचविला. ब्रिटनच्या खाणींत कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत त्यासाठी नेत असत. (याच हॉल्डेन यांचे चिरंजीव जे. बी. एस. पुढे भारतीय नागरिक झाले व १९६४ साली भुवनेश्वरात वारले.) हवेत हा वायू शेकडा एक भाग असला तरी काही मिनिटांत माणूस जातो, आणि जुन्या गाडीच्या धुरात तो शेकडा तीन-चार भागही असू शकतो. आपली पेटी कॅनरी नव्हे. ती नळीच्या टोकाचे मोजते, माणसाच्या नाकाशी काय आहे ते तिला ठाऊक नसते. गाडी उघड्यावर ठेवावी, शून्य उघड्यावर लावावे, आणि पेटीच्या मागच्या तोंडातून बाहेर पडणारा धूरही आपल्या अंगावर घेऊ नये.

काही तरुणांची सूचना आली आहे, की पेटी आहेच तर मंडळाने दाखलेही द्यावेत. हे होणे नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११५ व्या नियमाखालचा दाखला परिवहन खात्याने अधिकार दिलेल्या केंद्रानेच, मान्यता मिळालेल्या यंत्रावर मोजून द्यावयाचा असतो. आपली पेटी दोष शोधण्यासाठी आहे. गाडी न पाहता दाखला मिळतो अशा गोष्टी आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. त्या वाटेने आपल्या पोरांनी जाऊ नये, म्हणून तर दोष काढून गाडी सुधारण्याचे साधन त्यांच्या हाती दिले.

पेटी विकावी म्हणणाऱ्यांचा मुद्दा असा, की आता विजेच्या गाड्या येत आहेत. येत आहेत, खरे. परंतु आपल्या मुलांच्या दारात येणारे गिऱ्हाईक दहा-पंधरा वर्षांची स्कूटर आणि गॅसवरची रिक्षा घेऊन येते, आणि ती उद्या सकाळीही येणार आहे. आमची मागणी लहान आहे. पेटी ठेवावी. तिच्यासोबत एक वही द्यावी, आणि नेताना व परत करताना ताज्या हवेतील चारही आकडे तीत लिहून सही घ्यावी. वर्षाच्या सेल-गाळण्यांसाठी निधीत वेगळी रक्कम धरावी. आणि एक दिवस आमच्यापाशी बसून शिकल्यावाचून ती कोणासही देऊ नये, मग तो आमचा भाचा का असेना.

दुरुस्त होऊन आलेली पेटी मांडवाच्या पूर्वेस, उघड्यावर, टेबलावर ठेवली आहे. मतदान तीन वाजता आहे. तोपर्यंत ज्यांना आपल्या गाडीचा धूर पाहावयाचा असेल त्यांनी यावे. मात्र गाडी थोडी फिरवून, गरम करून आणावी.