शिवळ आणि कडबा

मंडळी, संध्याकाळी अंबड चौफुलीवर उभं राहिलं की जिममधून निघालेल्या पोरांच्या हातात ते एनर्जी ड्रिंकचे थंड डबे दिसतात. "सर, यात टॉरीन आहे, बैलाची ताकद!" परवा एकानं मलाच ऐकवलं.

अरे बाबा, बैल फक्त नावात. १८२७ साली टीडमान आणि ग्मेलिन या जर्मन संशोधकांनी बैलाच्या पित्तातून हे द्रव्य वेगळं काढलं. लॅटिनमध्ये बैलाला टॉरस म्हणतात, त्यावरून हे नाव. डब्यातलं टॉरीन कारखान्यात बनतं.

टॉरीन म्हणजे कडबा नव्हे, शिवळ आहे. पोळ्याला बैल सजवणाऱ्यांना शिवळ काय सांगायची! जुवाच्या टोकाची ती लाकडी खुंटी निघाली, की बैल बाहेर आणि गाडी जागेवर. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे तिच्या ऊर्जाघरात, काही टीआरएनए रेणूंच्या जनुकीय संकेत वाचायच्या जागी टॉरीन असंच खुंटीसारखं बसतं. टोकियोतले संशोधक सुझुकी यांच्या गटानं २००२ मध्ये ते दाखवलं. मेलास नावाच्या आजारात जनुकातल्या बिघाडामुळे ते तिथं बसत नाही. म्हणजे जुवाचं भोकच बिघडलेलं. मग वाचन अडतं, ऊर्जा घटते, ऐन तरुणपणी पक्षाघातासारखे झटके येतात. जपानमध्ये अशा रुग्णांना रोज ९ ते १२ ग्रॅम टॉरीन दिलं, झटके कमी झाले, आणि २०१९ मध्ये तिथं या उपचाराला मान्यता मिळाली.

पण ज्याचं जू धड आहे, त्यानं गाडीत शिवळांचं पोतं भरलं तर बैल पळतील का? डब्यात टॉरीन असतं साधारण १ ग्रॅम. तरतरी येते ती कॅफीन आणि साखरेची. पुन्हा सांगतो, कडबा नव्हे, शिवळ!

आपल्या भाकरी-वरणात टॉरीन जवळजवळ नसतंच, ते मांस-मासळीत. तरी आपलं यकृत ते स्वतः घडवतं. मांजराला तेवढं जमत नाही, म्हणून टॉरीन कमी पडलं की त्याची नजर जाते.

२०२३ मध्ये टॉरीन दिलेले उंदीर जास्त जगले, अशी बातमी गाजली. त्या कामात दिल्लीचे संशोधकही होते. मात्र वयाबरोबर माणसातलं टॉरीन घटतंच असं नाही, हे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं. ते कोणी डब्यावर छापत नाही.

निवेदक घड्याळ दाखवताहेत. एवढं सांगून थांबतो. शाळांपासून ५०० मीटरच्या आत हे डबे विकू देणार नाही, असं सरकारनं २०२४ मध्ये विधान परिषदेत सांगितलं होतं. तर आमच्या शाळेच्या फाटकापासून पहिली टपरी मी पावलांनी मोजली, ती...