परीक्षणाची शेवटची ओळ

(ग्रंथसमीक्षकांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)

वैयक्तिक गद्याचा, म्हणजे ललित निबंध, आठवणी, प्रवासलेखन, रोजनिशी, स्तंभलेखन अशा ज्या प्रकारांत लेखकाचे व्यक्तिमत्त्व हाच लेखनाचा खरा विषय असतो त्या सर्वांचा, वार्षिक आढावा अध्यक्षाने घ्यावा अशी प्रथा आहे. तो थोडक्यात आटोपण्याजोगा आहे: प्रवासलेखन उदंड झाले, आठवणींच्या पुस्तकांवरून संपादकाचा हात क्वचितच फिरलेला दिसला, स्तंभांची पुस्तके होताना त्यांतील तात्कालिक संदर्भ तसेच राहून गेले आणि ललित निबंध आणखी आखूड झाला. या गोष्टींवर पुढील सत्रांत निबंध वाचले जाणार असल्याने येथे त्यांचा विस्तार नको. अध्यक्षपदावरून सांगावयाची गोष्ट निराळी आहे आणि ती फार वर्षे सांगावयाची राहून गेली आहे.

मराठी ग्रंथपरीक्षणाची एक ठरीव घडण आहे. आरंभी लेखकाचा परिचय, मग आशयाचा गोषवारा, मग भाषाशैलीविषयी चार विशेषणे, काही उणिवा, आणि अखेरीस 'मुखपृष्ठ समर्पक असून छपाई सुबक व मांडणी नेटकी आहे' ही ओळ. ही शेवटची ओळ पुस्तक न उघडताही लिहिता येते, आणि पुष्कळदा ती तशीच लिहिली जाते. सौजन्याचा उपचार म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची रीत आहे. परंतु तिने केलेले नुकसान उपचारापुरते नाही. मांडणी हे लेखनाच्या बाहेरचे काहीतरी आहे, ते शेवटी उरकता येते आणि त्यावाचूनही शैलीचा निवाडा करता येतो, हा समज याच ओळीने पिढ्यान् पिढ्या पोसला आहे. प्रस्तुत भाषणाचे प्रतिपादन याच्या थेट विरोधी आहे. अक्षराचे वळण व आकार, दोन ओळींतील अंतर, समास, परिच्छेदाची सुरुवात आणि पानावर मुद्दाम सोडलेली मोकळी जागा यांना मिळून मांडणी म्हणावयाचे, आणि वाक्याची लांबी, शब्दकळा, लय व विराम यांना मिळून शैली म्हणावयाचे, असे ठरवले तर या दोन्ही गोष्टी विरामाच्या ठिकाणी एकमेकींत मिसळतात, कारण वाचकाने कोठे थांबावे हे वाक्यही सांगते आणि पानही सांगते. एकीविषयी न बोलता दुसरीविषयी बोलणारे परीक्षण अर्धवट असते, मग ते कितीही विद्वत्तापूर्ण असो.

हे नाते आजचे नाही. जुन्या पोथ्यांत मजकूर सलग लिहिला जाई. शब्दाशब्दांत अंतर सोडण्याचा दंडक नव्हता आणि विरामासाठी दंड एवढीच खूण बहुधा पुरेशी असे. थॉमस कँडी यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५० मध्ये निघाली आणि स्वल्पविराम, अर्धविराम, अपूर्णविराम या खुणा शाळाखात्याच्या पुस्तकांतून मराठी गद्यात स्थिरावल्या. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये 'निबंधमाला' सुरू केली, त्या वेळी या खुणांशी मराठी वाचकाची ओळख होऊन जेमतेम एक पिढी झाली होती. 'निबंधमाला' हे जवळजवळ एकहाती चालवलेले मासिक होते आणि वैयक्तिक गद्याच्या मराठी परंपरेत त्याचे स्थान म्हणूनच पहिल्या रांगेचे आहे. चिपळूणकरांचे अनेक उपवाक्ये पोटात घेऊन चालणारे वाक्य छापील खुणांवाचून आणि शब्दांमधल्या छापील अंतरावाचून उभेच राहू शकत नाही; सलग पोथीत ते लिहिले असते तर वाचकाला त्याचा कर्ता आणि क्रियापद यांची गाठ घालता आली नसती. पुण्याची चित्रशाळा आणि आर्यभूषण छापखाना यांच्या उभारणीत याच लेखकाचा पुढाकार होता, ही गोष्ट त्यांच्या चरित्रांत देशकार्य म्हणून येते, मात्र त्यांच्या शैलीच्या अभ्यासात येत नाही. मराठी गद्याला वळण लावणाऱ्या लेखकाला छापखाना हाताशी असावासा वाटला, यात समीक्षकाला विचार करण्याजोगे काहीच दिसू नये, हे खेदाचे आहे.

या परिषदेच्या सदस्यांमध्ये याविषयी जे वाद होत आले आहेत त्यांतला पहिला असा, की निर्मिती ही प्रकाशकाची बाब असल्याने तिचे गुणदोष लेखकाच्या पदरी घालणे अन्यायाचे होईल. हा युक्तिवाद वरवर न्याय्य वाटतो, म्हणून त्याचे उत्तर प्रत्यक्ष व्यवहारातून देणे भाग आहे. प्रस्तुत वक्त्याकडे अनेक वर्षांपूर्वी कोकणातील एका शिक्षकाच्या ललित लेखांचे हस्तलिखित अभिप्रायासाठी आले होते. फुलस्केप कागदावरच्या त्या लेखनात दोन प्रसंगांच्या मध्ये लेखक दोन ओळींची जागा कोरी सोडीत असे. विहिरीचा गाळ काढण्याचे वर्णन संपे, कोरी जागा येई आणि लगेच आईच्या दुखण्याचा परिच्छेद सुरू होई. या दोहोंचा संबंध लेखकाने शब्दांत कोठेही सांगितलेला नव्हता, कारण तो त्या कोऱ्या जागेनेच सांगितला होता. पुस्तक छापताना पानांचा हिशेब आडवा आला. पुस्तक सोळा पानांच्या फॉर्मात छापले जाते, म्हणजे एका मोठ्या तावाच्या दोन्ही बाजूंवर मिळून सोळा पाने एकदम छापून मग तो ताव घडी घालून शिवला जातो, आणि मजकूर शेवटच्या फॉर्मातून दोनचार पानांनी बाहेर जाऊ लागला तर नव्या फॉर्माचा खर्च वाचवण्यासाठी तो आवळून बसवण्याकडे कल असतो. त्या पुस्तकात हेच घडले. सगळ्या कोऱ्या ओळी काढून टाकण्यात आल्या, परिच्छेद एकमेकांना चिकटले आणि विहीर व आईचे दुखणे एकाच दमात वाचावे लागले. परीक्षणे आली त्यांत लेखन विस्कळीत आहे, लेखक एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारतो, असा एकमुखी अभिप्राय होता, आणि त्याच परीक्षणांच्या शेवटच्या ओळीत मांडणी नेटकी असल्याचाही निर्वाळा होता. त्या लेखकाने पुढच्या पुस्तकात जे केले ते त्याहून वाईट आहे. जेथे पूर्वी कोरी जागा होती तेथे त्याने 'यावरून आठवले', 'सांगायचे असे की' अशी जोडवाक्ये घातली, आणि समीक्षकांनी त्या पुस्तकाच्या शैलीत परिपक्वता आल्याचे नमूद केले. वस्तुतः एक दुर्मीळ शैली तेथे संपली होती, आणि ती संपवण्यात कागदाच्या हिशेबाइतकाच परीक्षणांचाही वाटा होता. मांडणीचा दोष लेखकाच्या पदरी घालू नये म्हणून मांडणीविषयी बोलायचे नाही, या धोरणाचा परिणाम तो दोष लेखकाच्याच पदरी पडण्यात होतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

दुसरा वाद अभिरुचीचा आहे: मांडणी ज्याच्या त्याच्या आवडीची गोष्ट, तिचे परीक्षण कसे करणार? नवोदित समीक्षकांसाठी झालेल्या एका शिबिरात प्रस्तुत वक्त्याने एकाच ललित लेखाच्या दोन प्रती, लेखकाचे नाव न देता, दोन गटांना वाचावयास दिल्या होत्या. एका प्रतीत अक्षर बारीक, ओळी एकमेकींना भिडलेल्या आणि समास अरुंद होता. दुसऱ्या प्रतीत तोच मजकूर मोकळ्या ओळींनी लावलेला होता. फक्त शैलीविषयी लिहावे, मांडणीचा उल्लेखही करू नये, अशी सूचना होती. पहिल्या गटाने लेखनाला कोंदट, शब्दबंबाळ, दमछाक करणारे म्हटले. दुसऱ्या गटाने संथ, चिंतनशील म्हटले. दोन्ही गटांनी आपापल्या मताच्या पुष्ट्यर्थ मजकुरातून उतारे दिले, आणि त्यांतले काही उतारे तेच होते. शैलीविषयीचे जे निर्णय भाषेच्या जाणकारीवर आधारलेले समजले जातात, त्यांतला काही भाग ओळींमधल्या अंतराने ठरवलेला असतो, हे ज्याला मान्य करावयाचे नाही त्याने हा प्रयोग स्वतः करून पाहावा.

देवनागरीच्या बाबतीत या प्रश्नाला विशेष धार आहे, कारण रोमन लिपीपेक्षा देवनागरीच्या ओळीची उंची अधिक लागते. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि अक्षराच्या खाली उकार व काही जोडाक्षरांचा दुसरा भाग, असा तिचा तीन मजली पसारा असतो. रोमन अक्षरांसाठी ठरलेले ओळींतील अंतर तसेच देवनागरीला लावले, तर वरच्या ओळीचा दीर्घ उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो आणि डोळा प्रत्येक ओळीवर ठेचकाळतो. त्यात मराठी शब्द प्रत्यय व शब्दयोगी अव्यये जोडून लांब होत जातो. अरुंद स्तंभात दोन्ही कडा सरळ राखावयाच्या म्हटल्या की ओळीत दोनच लांब शब्द मावतात आणि मधे भलेमोठे भगदाड पडते. वर्तमानपत्री स्तंभलेखकांची वाक्ये तुटक होत गेली, याची कारणे शोधताना लेखकांच्या वाचनाचा, पिढीचा आणि काळाचा पुष्कळ ऊहापोह झाला. स्तंभाची रुंदी मात्र कोणी मोजली नाही.

अक्षरवळणांचीही हीच कथा आहे. संगणकावर सहज उपलब्ध असलेल्या अनेक टंकांत, म्हणजे अक्षरसंचांत, दीर्घकाळ ल आणि श यांची हिंदीत रूढ असलेली वळणे येत राहिली. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श ही मराठी वळणे प्रमाण मानली गेली, तरी पुस्तकांच्या पानांवर दोन्ही वळणे सरमिसळ दिसतात आणि परीक्षणांत त्याचा उल्लेख सापडत नाही. जुन्या टंकातला मजकूर युनिकोडमध्ये आणताना दऱ्यांमधला अर्धा र रफार होऊन बसतो, सह्याद्रीच्या प्रवासवर्णनात दऱ्यांच्या जागी दर्या उसळतो आणि परीक्षक लेखकाच्या शुद्धलेखनावर ताशेरे ओढतो.

या विषयाचे ज्ञान मराठीत नव्हते असे म्हणण्याची सोय नाही. निर्णयसागर छापखान्याच्या टंकांनी देवनागरी छपाईला घालून दिलेला मानदंड सर्वज्ञात आहे. बापूराव नाईकांचा 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' हा तीन खंडांचा ग्रंथ १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. र. कृ. जोशी हे स्वतः कवी होते आणि संगणकावरच्या 'मंगल' या टंकाचे कर्तेही होते. त्यांच्या कवितेवर लिहिणारे आणि अक्षरांवर लिहिणारे असे दोन वर्ग पडले. अरुण कोलटकर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शक म्हणून नावाजले, आणि त्यांची मराठी पुस्तके अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने ज्या काळजीने काढली तिच्यात कवितेची ओळ आणि छापील ओळ यांचा विचार निरनिराळा केलेला नव्हता. लघुअनियतकालिकांच्या चळवळीतही सायक्लोस्टाइलच्या खरबरीत पानाने त्या गद्याचा सूर ठरवण्यास हातभार लावला. ज्ञान होते, करणारेही होते; समीक्षेने मात्र ते आपल्या कक्षेत येऊ दिले नाही.

खिळे जुळवण्याच्या काळात या उणिवेची थोडी भरपाई आपोआप होत असे. खिळेजुळारी एकेक अक्षर हाताने उचलीत असल्याने मजकुराचा सर्वांत सावकाश वाचक तोच असे, आणि चांगल्या छापखान्यातला जाणता जुळारी प्रुफाच्या कडेला स्वल्पविरामाविषयी प्रश्नचिन्ह टाकून लेखकाकडे पाठवी. प्रस्तुत वक्त्याने असे प्रश्न हाताळले आहेत आणि त्यांतल्या कित्येकांनी वाक्ये सुधारलेली पाहिली आहेत. ती माणसे आता छापखान्यांत नाहीत. त्यांचे काम समीक्षकाने करावे असे कोणी म्हणणार नाही, परंतु त्यांच्याइतके सावकाश वाचावे एवढी अपेक्षा समीक्षकाकडून रास्त आहे.

तिसरा वाद अलीकडचा आहे. वाचक आता पडद्यावर वाचतो, अक्षर हवे तेवढे मोठे करतो, तेव्हा मांडणीचे परीक्षण कालबाह्य झाले, असे तरुण सदस्यांचे म्हणणे आहे. अक्षराचा आकार वाचकाच्या हाती गेला हे खरे; परंतु परिच्छेद कोठे तुटतो, मोकळी ओळ कोठे येते, उतारा आणि मूळ मजकूर यांतला फरक डोळ्याला कसा कळतो, हे पडद्यावरही कोणीतरी ठरवतेच. पडद्यावर तर हे निर्णय बहुधा लेखक स्वतःच घेतो, म्हणून त्यांची जबाबदारीही अधिक नेमकेपणाने त्याच्यावर टाकता येते. या बदलाने मांडणीच्या परीक्षणाची गरज कमी झालेली नसून वाढली आहे.

पुढे करावयाच्या कामांविषयी तपशील ठरवणे कार्यकारिणीकडे सोपवणे इष्ट ठरेल. समीक्षकांसाठी मुद्रण आणि अक्षररचना यांचा एक छोटा अभ्यासक्रम असावा, पुढील अधिवेशनांत मुद्रक व अक्षररचनाकार यांना निबंधवाचनासाठी बोलवावे आणि शैलीविषयीच्या परिभाषाकोशात मांडणीच्या संज्ञांना स्थान मिळावे, एवढे दिग्दर्शन पुरे आहे. एक गोष्ट मात्र लांबणीवर टाकता येणार नाही. नियतकालिकांकडून परीक्षकाला आता छापील प्रतीऐवजी पीडीएफ पाठवली जाते आणि तीवरून छापील पुस्तकाचे परीक्षण होते; अशा परीक्षकाने पाहिलेले पान वाचकाच्या हाती येणारे पान नसते, समास, कागद, बांधणीत दडणाऱ्या ओळी यांतले काहीही त्याला दिसलेले नसते, आणि तरीही शेवटची ओळ लिहिली जातेच. छापील प्रत हाती आल्याखेरीज छापील पुस्तकाचे परीक्षण परिषदेच्या सदस्यांनी लिहू नये, असा ठराव समारोपाच्या सत्रात अध्यक्षांच्या वतीने मांडला जाईल. तो एकमताने संमत होईल अशी अपेक्षा नाही. विरोधी मत मांडणाऱ्या सदस्यांनी गेल्या वर्षात आपण परीक्षण केलेल्या एका पुस्तकाची छापील प्रत सोबत आणावी आणि तिच्यातले कोणतेही एक पान सभेत मोठ्याने वाचून दाखवावे, एवढी विनंती आहे.