पेशीच्या चोपडीतली चूक

आज आपण कॅन्सरविषयी बोलू.

आपले शरीर बारीक बारीक पेशींचे बनले आहे. जवळजवळ प्रत्येक पेशीत जणू एक चोपडी असते. केव्हा वाढायचे, केव्हा थांबायचे, ते तिच्यात लिहिलेले असते. एका पेशीच्या दोन होतात, तेव्हा चोपडीची नक्कल होते. सातबारा उतरवताना एखादा आकडा चुकतो ना? तसेच इथेही होते. बहुतेक चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते. काही राहून जातात. वर्षानुवर्षे त्या साठतात. 'थांब' सांगणाऱ्या ओळी बिघडल्या, की पेशी वाढतच सुटते. हाच कॅन्सर.

आपल्या जळगाव-धुळ्याकडे कुणी तंबाखूला चुना लावून गालात धरतो, कुणी मशेरी लावते. तंबाखूतले विष त्या चोपडीवर रोज ओरखडे काढते. कुणी म्हणेल, "आमचे आजोबा तंबाखू खाऊन ऐंशीला पोचले." असतील. ओरखडा कोणत्या ओळीवर पडेल, हे कुणाच्या हाती नाही. किती ओरखडे पाडायचे, ते मात्र आपल्या हाती आहे.

कॅन्सर हा शाप नव्हे. रोग्याच्या ताटात जेवल्याने तो लागत नाही. त्याचे ताट वेगळे करू नका.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तोंड कमी उघडू लागले, तर दुखत नसले तरी दवाखान्यात दाखवा. मुंबईत परळला टाटा रुग्णालय १९४१ पासून याच रोगावर उपचार करते. लवकर गेलेले पुष्कळ रोगी बरे होऊन घरी येतात.

आजच आरशात तोंड उघडून बघा.