चौथा ठोका



संयोजकांनी मला ‘निवृत्तीनंतरचा छंद’ या विषयावर दहा मिनिटं दिली आहेत. माझ्या आधी बोललेल्यांपैकी कुणी शेततळं केलं, कुणी नर्मदा परिक्रमा केली. मी खेळण्यातल्या आगगाडीच्या इंजिनाला आवाज बसवला. हसा. घरचेही हसले होते.

तुमच्यापैकी पुष्कळांना माझं घर आठवत असेल. आबा दोंडाईचा स्टेशनवर पॉइंट्समन होते आणि आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. मिरचीच्या हंगामात परीक्षेला बसलेला मुलगा ठसक्यानं शिंकायचा आणि रात्रीच्या मालगाडीनं झोपेतून उठायचा, अशी आपली एकूण शैक्षणिक परिस्थिती. आबा मात्र उठायचे नाहीत. गाडी थांबणार असेल तरच त्यांना जाग यायची. नुसत्या आवाजावरून सांगायचे, नंदुरबारकडून येतेय, वजन जास्त आहे, चाकं घसरताहेत. तेव्हा वाटायचं, सगळ्यांचेच वडील असं सांगू शकतात.

पुढं मी टेलिफोन खात्यात लागलो, निवृत्त होऊन नाशिकला राहिलो. एकदा नातवाला घेऊन पुण्याला गेलो तेव्हा कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय त्याला दाखवलं. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. पोरगं काचेला नाक लावून बसलं ते उठेना. परत आल्यावर एका मित्राच्या मुलानं परदेशातून जुना, वापरलेला सेट पाठवला. इंजिन काळं, वाफेचं, खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. पुढं दोन, मधे आठ, मागं दोन चाकं. आपल्या मालगाड्यांच्या डब्ल्यूजी इंजिनाची मांडणी हीच. चाललं मात्र मुक्यानं, शिवणयंत्रासारखी बारीक घरघर करत. नातू म्हणाला, “आजोबा, हे बिघडलंय का?”

आवाजासहित तयार सर्किट मिळतं, पण त्याला दहा-बारा हजार पडतात. ते बघून सौभाग्यवतींनी फक्त चष्मा काढून ठेवला. मी म्हटलं, घरीच करतो.

आता जरा विज्ञानाचा तास. सर समोर बसले आहेत, चुकलो तर थांबवतील. वाफेच्या इंजिनाला दोन बाजूंना दोन सिलिंडर असतात. प्रत्येकात वाफ दट्ट्याला एकदा पुढून आणि एकदा मागून ढकलते, आणि प्रत्येक वेळी वापरलेली वाफ धुराड्यातून ‘फुस्स’ करून बाहेर पडते. दोन्ही बाजू एकमेकींपासून पाव फेरा पुढंमागं ठेवलेल्या असतात. म्हणून मोठ्या चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके, सारख्या अंतरानं. आपण लहानपणी ‘झुकझुक’ म्हणून दोनावर भागवलं, पण हिशेब चाराचा आहे.

पहिल्यांदा मी सोपा मार्ग धरला. डीएफ प्लेअर मिनी नावाची टपाल तिकिटापेक्षा लहान पट्टी मिळते, दीडशे रुपयांत. तिच्यात मोबाईलचं मेमरी कार्ड बसतं. इंजिनाचा आवाज त्यात भरला आणि चालू केला. दोन मिनिटं कौतुक झालं. मग लक्षात आलं की इंजिन थांबलं तरी आवाज धावतोय, आणि इंजिन धावलं तरी आवाज आपल्याच चालीनं. लग्नात नवरदेव मांडवात आणि बँड गल्लीत, तसं. प्रत्येक ठोक्याला ती पट्टी नव्यानं वाजवून पाहिली, तर ती सुरू व्हायलाच क्षणभर उशीर करते. तोवर चाक पुढं गेलेलं.

तेव्हा ठोका चाकातूनच काढायचा ठरवला. बीसी ५४७ हा दोन-तीन रुपयांचा ट्रान्झिस्टर उलटा जोडला आणि १२ व्होल्ट दिले की तो नुसता खरखरतो, जुन्या रेडिओवर दोन स्टेशनांच्या मधे यायची तशी खरखर. तीच तुकड्या-तुकड्यानं सोडली की वाफ होते. ती कापायला इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या आतल्या अंगाला पातळ चिकटपट्टी लावली आणि तिला ब्लेडनं चार खिडक्या कापल्या. वर एक स्प्रिंग टेकवली. खिडकीतून धातूला लागली की ‘फुस्स’, पट्टीवर चढली की गप्प. स्प्रिंग कुठली, तर भंगारात काढलेल्या टेलिफोन एक्स्चेंजच्या रिलेची, कानस मारून बारीक केलेली. सगळ्या नोकरीत एवढं एकच सामान मी घरी आणलं, आणि तेही विचारून.

मोबाईलची जुनी बॅटरी, व्होल्ट वाढवणारी पट्टी आणि ॲम्प्लिफायर इंजिनाच्या मागच्या वाघिणीत बसवलं. स्पीकर जुन्या फोनचा. तो उघडा ठेवला तर मच्छरासारखा वाजतो, कारण पुढची आणि मागची हवा एकमेकींना खाऊन टाकतात. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण मागं लावून एम-सीलनं बुजवलं, तर त्याला छाती फुटली. शिट्टीसाठी वायरिंगच्या पाईपचे तीन तुकडे कापले आणि पंक्चरवाल्याकडच्या हवेच्या नळीनं वाजवून मोबाईलवर घेतले. उभ्या इंजिनाचा सुस्कारा आमच्या कुकरचा आहे, शिट्टीच्या अगदी आधीचा. हे दोन आवाज त्या दीडशेच्या पट्टीला दिले. त्यांना घाई नसते. सगळा खर्च चारशेच्या आत.

एक गोष्ट मात्र शिकलो. ताशी ६० किलोमीटरच्या हिशेबानं पळवलं तर सेकंदाला तेरा-चौदा ठोके होतात आणि कानाला नुसती घरघर कळते. ताशी १५ ला सेकंदाला तीन-साडेतीन पडतात. आमचं इंजिन तेव्हा सेकंदाला जेमतेम पाच सेंटिमीटर सरकतं. नातवाला ते मान्य नव्हतं. मला होतं.

गेल्या दिवाळीत ते घेऊन इथं आलो. आबा आता अठ्ठ्याऐंशीचे, धाकट्या भावाकडे असतात. माणसं ओळखत नाहीत. मला ‘साहेब’ म्हणतात, बहुधा कुणी स्टेशन मास्तर समजतात. त्यांच्या खाटेशेजारी त्यांचीच नोकरीतली पत्र्याची ट्रंक होती, तिच्यावर चार बाय चारचा प्लाय टाकून गोल रूळ मांडले. ट्रंक पोकळ, आवाज छान घुमला. घरातली सगळी गोळा झाली, टाळ्या पडल्या. आबा छताकडे बघत होते. तिसऱ्या फेऱ्याला त्यांचं बोट गोधडीवर हलायला लागलं. तीन वेळा टेकायचं, मग अधांतरी थांबायचं. मग पुन्हा तीन वेळा.

म्हणाले, “साहेब, हाई इंजिन लंगडं शे. एक ठोका खाई ऱ्हायनं. याले शेडमा धाडा.”

मला ऐकू आलं नव्हतं. नाशिकला महिनाभर रोज चालवत होतो, कुणालाच आलं नव्हतं. रात्री चाक काढून भिंगातून पाहिलं, तर एका खिडकीत तेल आणि धुळीचा थर बसून ती बुजली होती. खऱ्या इंजिनाचे झडपांचे मेळ बिघडले की ते असंच लंगडतं, आणि जुने रेल्वेवाले ते कानानंच पकडत. १९९५ च्या डिसेंबरात देशातल्या ब्रॉडगेजवरची वाफेची नेहमीची वाहतूक संपली. आपल्या मार्गावर तर आता दुहेरी रूळ आणि विजेच्या तारा. आबांनी तो ठोका इतकी वर्षं कुठं ठेवला होता कुणास ठाऊक. मुलाचं नाव नाही राहिलं त्यांच्याकडे. जरा लागलंच मला ते, खोटं कशाला सांगू.

सकाळी काडीनं खिडकी साफ करून पुन्हा लावलं. आबांनी बराच वेळ ऐकलं. बोट चारही वेळा टेकलं. मग विचारलं, “कोनती गाडी शे?”

मी म्हणालो, “मालगाडी, आबा.”

“मंग लूपमा ल्या,” म्हणाले, आणि कूस बदलून झोपले.

इंजिन आज आणलं आहे. जेवणानंतर प्रयोगशाळेत मांडतो. सरांनी आठवीत नादकाटा पाण्याच्या पेल्यात बुडवून दाखवला होता, त्याच टेबलावर. प्रवासात हादरे बसलेत, तेव्हा चारही खिडक्या शाबूत असतील याची खात्री नाही. सर, तुम्ही डोळे मिटून जरा मोजाल का?